पाट्याजवळ

बसा. जमिनीवरच बसा, खाली एखादं पोतं अंथरून.

समोर जीप आहे. महिंद्राची एमएम ५४०. रंग केव्हाच विटलाय. बॉनेटवर हात ठेवला तर पत्रा कोमट लागतो. जागा कांदिवली पूर्वेची, अकुर्ली रस्त्याजवळच्या गल्लीतलं एक गॅरेज. तेल मुरून काळी पडलेली फरशी.

या जीपमध्ये बदल करायचे आहेत. तुमच्या मनात चित्र तयार आहे: मोठे टायर, वाढवलेली उंची, पुढे विंच, बाजूनं टपापर्यंत गेलेला स्नॉर्केल. ते चित्र पुसू नका. राहू द्या तिथेच. हात मात्र अजून कशालाच लावू नका.

आधी ऐका.

लांबून वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेची घरघर येते आहे. हायवेच्या वरून मेट्रो सरकते, अकुर्ली स्टेशनात थांबते, निघते. शेजारच्या गाळ्यात कुणीतरी पत्रा ठोकतो आहे. ठोके थांबतात. पुन्हा सुरू होतात.

आता त्याहून जवळचं ऐका. श्वास आत येतो, बाहेर जातो. डिझेलचा वास येतो, जुन्या ग्रीसचा येतो, आणि पावसात भिजून सुकलेल्या लोखंडाचा.

जीप मात्र गप्प आहे.

ती इथलीच आहे. याच अकुर्ली रस्त्यावर महिंद्राचा कारखाना आहे. १९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद या नावानं सुरू झालेली कंपनी, १९४८ पासून महिंद्रा अँड महिंद्रा. विलिस कंपनीची जीप १९४१ मध्ये युद्धासाठी जन्मली, आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच तिचे सुटे भाग मुंबईत येऊन जोडले जाऊ लागले. पुढे भागही इथेच घडू लागले. १९८०च्या दशकात या एमएम ५४०ला प्यूजोच्या बनावटीचं डिझेल इंजिन मिळालं. अंगाचा बांधा मात्र तोच राहिला: शिडीसारखी सरळ चासी, पुढेमागे एकसंध एक्सल, आणि चार कोपऱ्यांत चार पाटे.

आपण त्यातल्या एकाच पाट्याजवळ बसणार आहोत. मागचा, उजवीकडचा.

पुढच्या चाकांना दगड लावा. जॅक लावा. हळूहळू, एकेक दांडा. चाक जमिनीवरून सुटतं तो क्षण बघा. टायर खाली चपटा होता, तो गोल होतो. चासीखाली घोडी सरकवा. मग चाक काढा, बाजूला निजवा.

आता दिसतो पाटा.

थांबा. नुसतं पाहा.

एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या. सगळ्यांत वरची सगळ्यांत लांब, तिच्या दोन्ही टोकांना वळवून केलेले डोळे. खाली येताना पट्ट्या आखूड होत जातात. मधोमध सेंटर बोल्ट. त्याच्या दोन्ही बाजूंना यू-क्लॅम्प, पाट्याला एक्सलशी घट्ट धरणारे. आणि सगळ्यावर गंज. उपनगरातला गंज, चार महिन्यांच्या पावसाचा आणि उरलेले आठ महिने खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या हवेचा.

बोटाचं टोक त्या गंजावर ठेवा. खरखर जाणवू द्या. घाई करू नका.

मग पाना घ्या. यू-क्लॅम्पचे नट सहज सुटणार नाहीत. त्यांना तेल पाजा आणि वाट बघा. ही वाट बघणं कामातच धरा. तेल आट्यांमध्ये उतरतं आहे. दिसत नाही, पण उतरतं आहे. तोवर एक श्वास घ्या. सोडा. आणखी एक.

नट सुटतो. आधी एक कोरडी कुरकुर, मग सैलपणा. मनगटाला तो सैलपणा कळतो.

डोळ्यांतल्या पिना काढा, पाटा उतरवा. दोघांनी मिळून, तो जड आहे. फरशीवर ठेवा. सेंटर बोल्ट काढा, पट्ट्या वेगळ्या करा आणि एकेक मांडत जा. शाळेच्या प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभी केलेली मुलं असावीत, तशा त्या ओळीनं पडल्या आहेत.

इथे पुन्हा थांबू.

डिझेलमध्ये भिजवलेला बोळा घ्या, एक पट्टी पुसा. बोळा लाल होतो, मग काळा होतो. खालून लोखंड वर येतं. पट्टीच्या टोकापाशी एक गुळगुळीत, चकचकीत खूण दिसते. खालच्या पट्टीचं टोक तिथं घासत आलं आहे. प्रत्येक खड्ड्याला थोडं पुढे, थोडं मागे. बोटानं ती खूण चाचपा. बारीकसा खळगा लागतो. खळगा खोल असेल, किंवा केसासारखी चीर दिसली, तर ती पट्टी बाजूला ठेवा, तिची सेवा संपली. नसेल, तर ती अजून चालेल.

एवढी वर्षं ही घासणीच जीपला सांभाळत आली आहे. पट्ट्या एकमेकींवरून सरकतात, सरकताना उसळी थोडी शोषून घेतात. गंजानं त्या एकमेकींना चिकटल्या की सरकणं थांबतं. मग जीप उडते, आदळते, आणि लोक म्हणतात, हिचे पाटे गेले.

पाटे गेलेले नसतात. त्यांना हलता येत नसतं.

आता पाट्याच्या मागच्या टोकाला या. तिथे शॅकल आहे. दोन छोट्या पट्ट्या, वर एक पिन, खाली एक पिन. ती बोटांनी हलवून बघा. हलते का?

वजन आलं की पाटा सरळ होतो. सरळ होताना लांब होतो. त्या वाढलेल्या लांबीला कुठेतरी जागा लागते, म्हणून एक टोक चासीला कायमचं बांधलेलं असतं आणि दुसरं या झुलत्या शॅकलवर सोडलेलं. शॅकल मागे झुलते, पाट्याला जागा देते. वजन उतरलं की परत येते.

पिन सुकलेली असेल तर झुलणं नाही. मग ग्रीसगन घ्या, निपलवर दाबा. नवं ग्रीस आत जातं, जुनं, काळं, रेतीमिश्रित बाहेर येतं. ते कडेनं येताना पाहा. स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत दाबत राहा.

जुन्या जीपमध्ये करायचा पहिला बदल मला हाच वाटतो. नवीन काहीही जोडायच्या आधी, तिला मुळात जे येत होतं ते तिला परत येऊ द्यावं. बुश झिजले असतील तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नवे मिळतात. गाडीला नवी गाडी म्हणवणारी गोष्ट पुष्कळदा मुठीत मावते.

आता मनातलं ते चित्र परत बोलवा. उंच जीप. त्याच्याकडे शांतपणे बघा.

उंचीसाठी कुणी पाट्यात एक पट्टी वाढवतं. कुणी एक्सलखालचा पाटा काढून एक्सलच्या वर बसवतं, त्यानं जीप काही इंच उचलली जाते. दोन्ही होतं. पण डोळे मिटा आणि जव्हार-मोखाड्याकडची एक पावसाळी वाट समोर आणा. मध्येच कातळ वर आलेला. बैलगाडीच्या चाकोरीत लाल पाणी. जीप अगदी हळू येते आहे, लो रेंजमध्ये, माणसाच्या चालीहूनही हळू. पुढचं उजवं चाक दगडावर चढतं. मागचं उजवं खाली चाकोरीत उतरतं.

या चित्राशी थांबा.

कडक पाट्याची जीप इथं एक चाक हवेत उचलते. हवेतलं चाक गरगर फिरतं, आणि साधं डिफरन्शियल सगळी फिरकी त्या मोकळ्या चाकालाच देतं, जमिनीवरचं त्याचं जोडीदार चाक उभं राहतं. मऊ पाट्याची जीप तीच वाट वेगळी पार करते. एक कोपरा दबतो, दुसरा लांब होतो. चारही चाकं जमीन सोडत नाहीत.

बघा, चारही चाकं टेकलेली. ओल्या दगडावर, मुरुमावर, पाण्याखालच्या चिखलावर.

मला उंचीपेक्षा हे टेकणं मोलाचं वाटतं. पाटे उंच केले तरी डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तिथंच राहतो, तो उचलायचा तर टायरच मोठा लागतो. आणि उंची वाढली की बाकीच्या भागांवर ताण पडतो. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. स्टिअरिंगचा दांडा तिरपा होतो. ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. या नळीकडे एकदा वाकून बघाच. एक्सल पूर्ण खाली लोंबत असतानाही तिला थोडी ढील उरली पाहिजे. यात तडजोड नाही, जीव तिच्यावर आहे.

कायद्याचाही एक शब्द, सावकाश. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की नोंदणीपुस्तकातला तपशील कारखान्याच्या मूळ बनावटीपासून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. पंधरा वर्षं झाली की जीप पुन्हा आरटीओसमोर उभी राहते, आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी. तिथे ती जशी जन्मली तशी ओळखू आली पाहिजे. बदल ठरवताना हे मनात असू द्या.

श्वास घ्या. सोडा. परत फरशीकडे या.

पट्ट्या आता स्वच्छ आहेत. ग्रॅफाइट मिसळलेलं ग्रीस बोटावर घ्या, पातळ थर द्या. थंड लागतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हात न उचलता. मग दुसरी पट्टी. मग तिसरी.

हात आपोआप संथ होतो. त्याला होऊ द्या.

एकीवर एक ठेवा. सेंटर बोल्ट घाला, आवळा. पट्ट्या एकमेकींजवळ येताना त्यांच्यातली फट मिटत जाते, कडेनं ग्रीसची काळी रेघ उमटते. पाटा पुन्हा जागेवर न्या, यू-क्लॅम्प परत आवळा. डोळ्यात पिन घाला, पण नट पूर्ण आवळू नका. नुसते बसवा.

डावीकडचाही असाच करा. एका एक्सलचे दोन पाटे जोडीनंच करावेत, नाहीतर जीप एका अंगाला कलते. त्यालाही हाच वेळ द्या, याहून कमी नाही.

चाकं चढवा. घोडी काढा. जॅक खाली सोडा, हळू. टायर जमिनीला टेकतो, थोडा चपटा होतो. पाटा सरळ होऊ लागतो. शॅकल मागे झुलते.

तिला झुलताना पाहा.

मागच्या बंपरवर दोन्ही हात ठेवा आणि अंगाचं वजन टाका. सोडा. जीप खाली जाते, वर येते, थांबते. कुरकुर नाही. पुन्हा एकदा करा. तुमच्या हातांना जे कळतं आहे ते कळू द्या.

आता आवळा ते पिनांचे नट, जीप स्वतःच्या वजनावर उभी असताना. अधांतरी आवळले तर रबरी बुश त्याच पिळात अडकून राहतो आणि लवकर फाटतो. यू-क्लॅम्पही तपासा. पहिल्या प्रवासानंतर ते पुन्हा आवळावे लागतील, कारण पट्ट्या अजून एकमेकींत बसायच्या आहेत.

टायरचं नंतर बघू, विंचचंही. चिखलात उतरण्याआधी टायरची हवा कमी करायची, म्हणजे तो लांबट टेकतो आणि जमीन जास्त धरतो, एवढं आज पुरे. आणि परत डांबरावर चढण्याआधी हवा भरायची.

पुढचे दोन पाटे बाकी आहेत. इंजिनाचं वजन त्यांच्यावर आहे आणि स्टिअरिंगही त्यांच्याच बाजूला, म्हणून तिथे आणखी सावकाश. पुढच्या चाकांचे दगड काढून मागच्या चाकांना लावा. जॅक पुढे घ्या.