फूल कोणाचे?

देवाला वाहिले ते फूल धन्य झाले, असे आम्ही कीर्तनात शेकडो वेळा सांगितले आहे. पण २०१६ च्या भाद्रपदात एका म्हातारीने आम्हांला त्यावर निरुत्तर केले. ती हकीकत ऐका.

सह्याद्रीच्या उतारावरच्या एका गावी कीर्तन होते. सारा डोंगर कारवीने जांभळा झालेला. आम्हीच हौसेने म्हणालो, "मखर कारवीचे करा." पोरांनी भारेच्या भारे आणून टाकले. मखर नामी सजले. कीर्तन संपल्यावर म्हातारी पाया पडून म्हणाली, "बुवा, सात वर्सं थांबली व्हती ती. आता माश्यांनी काय खावं, आन् बी कशाचं धरावं?"

आम्ही काय बोलणार! कारवीच्या कुडाची घरे आम्ही लहानपणापासून पाहिलेली. पण तिचे आयुष्य ठाऊक नव्हते. उन्हाळ्यात ती काटक्यांसारखी उभी असते, पावसात पालवते. अशी सात-आठ वर्षे काढून एकदाच फुलते. आग्यामाशी, सातेरी माशी मधासाठी येतात. त्यांच्या अंगाला लागून पराग फुलाफुलांत फिरतो व बी धरते. मग झाड वाळते. पुढल्या पावसाचे पाणी लागले की सुकी बोंडे तडकून बी उडते. म्हणजे जन्मात एकच बहर, आणि तोच आम्ही मखराला लावला.

यावर कोणी म्हणेल, "अहो, फूल कोमेजणारच, देवाच्या कामी आले तर काय बिघडले?" शंका रास्त आहे. परंतु दान म्हणजे काय? वस्तूवरचे आपले स्वत्व सोडून ते दुसऱ्यास देणे. ज्यावर आपले स्वत्वच नाही ते देणार कसे? त्या बहरासाठी आम्ही पाणी घातले नाही, राखण केली नाही. शेजाऱ्याच्या ताटातली भाकरी उचलून नैवेद्य दाखवावा, तशातली ही गत! माशीला तोंड नाही, म्हणून काय तिचा वाटा आपला होतो?

मग देवाला वाहावे काय? अंगणात लावलेले, हाताने शिंपलेले वाहावे. दारची तुळसच घ्या. तिच्या मंजिरीला जांभळट बारीक फुले येतात, त्यांवरही माश्या घोंगावतात. रोप भरदार राहावे म्हणून आपण मंजिऱ्या खुडतो. त्या निम्म्या खुडाव्या, निम्म्या माश्यांना ठेवाव्या. देवाचे काही उणे होत नाही.

२०२४ मध्ये तो डोंगर पुन्हा फुलला. २०१७ च्या पावसात रुजलेली ती रोपे. आमच्या हातून वाचलेल्या बियांची. आम्ही बांधावर बसून नुसते पाहिले. एक फूलही तोडले नाही. पुढला बहर २०३२ च्या सुमारास. तेव्हा आम्ही असू वा नसू. माशी मात्र असली पाहिजे.

रामकृष्णहरि.