सहप्रवासाचें वचन

दूरच्या प्रवासास अनेकांनीं मिळून निघावयाचें ठरलें म्हणजे नकाशे, सामान, पैसा व परवाने यांची चर्चा पुष्कळ होते; परंतु निघणाऱ्यांनीं एकमेकांस नेमकें कोणतें वचन दिलें आहे, हें बहुधा कोणी विचारीत नाहीं. मुंबईहून भाईंदरपलीकडील तारोडीपर्यंत चार मित्र सायकलींवरून गेले, तर तसें विचारण्याचें कारणहि नसतें. जो दमेल त्यानें मिळेल त्या वाहनानें घर गाठावें. त्यांत कोणाचा विश्वासघात होत नाहीं. तींच चाकें परमुलखांत शिरलीं, भाषा अनोळखी झाली, पुढचें गांव दोन दिवसांच्या वाटेवर राहिलें, म्हणजे मात्र एकाचें थांबणें बाकीच्यांच्या जिवाशीं येऊं शकतें.

या प्रश्नाचा विचार करण्यास आपल्या मुंबईंतीलच एक उदाहरण घेऊं. ता. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तुम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला व नरिमन कापडिया हे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. बलुचिस्तान, इराण, सिनाईचें वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन व ब्रह्मदेश अशी सुमारें ७१,००० किलोमीटरांची वाट तुडवून जवळजवळ साडेचार वर्षांनीं, मार्च १९२८ मध्यें, प्रदक्षिणा पुरी झाली. पुरी करणारे मात्र हकीम, बापासोला व भुमगरा हे तिघेच होते. कापडिया तेहरानहून परतले, हाथीराम अमेरिकेंतच राहिले, आणि पोचखानावाला यांनींहि मध्येंच घरची वाट धरली.

मध्येंच वेगळा होणारा वचन मोडतो काय? कोणा एका व्यक्तीचा न्याय करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्याचीं कारणें त्यास ठाऊक. पण सर्वसाधारण प्रश्न उरतोच, आणि त्याचीं दोन सोपीं उत्तरें आमच्या कानांवर वारंवार येतात. एक पक्ष म्हणतो, शब्द तो शब्द. प्राण गेला तरी पाळावा. दुसरा म्हणतो, ज्याचा तो मुखत्यार. वाटेल तेव्हां निघून जावें. पहिला पक्ष हें विसरतो कीं, निघतांना शब्द देणारा मनुष्य दोन वर्षांनंतरच्या स्वतःस ओळखत नसतो. दुसरा हें विसरतो कीं, सहांनीं वांटून घेतलेला भार एकजण गेल्यावर पांचांच्या पाठीवर पडतो. रात्रीचा पहारा, आजाऱ्याची शुश्रूषा, मोडलेल्या चाकाची दुरुस्ती, यांपैकीं कांहींच कमी होत नाहीं.

आमच्या मतें सहप्रवासाचें वचन शेवट गांठण्याचें नसतें. तें वागणुकीचें असतें. शेवट कोणाच्याच हातीं नाहीं, म्हणून त्याचें वचन देणें हें धाडसापेक्षां अज्ञान अधिक. पण सोबत्यास अडचणीच्या जागीं सोडणार नाहीं, वेगळें व्हावयाचें झाल्यास उरलेल्यांस नीट पुढें जातां येईल अशा ठिकाणीं, आधीं तोंडावर सांगून होईन, एवढें प्रत्येकास खचित पाळतां येतें. भर वाळवंटांत सोबत सोडणें आणि मोठ्या शहरांत निरोप घेणें या दोन गोष्टी एका तागडींत तोलतां येणार नाहींत.

पुढें जाणाऱ्यांचेंहि एक कर्तव्य आहे. महाप्रस्थानाच्या कथेंत द्रौपदी व चार भाऊ एकामागून एक पडतात. भीम कारण विचारतो तेव्हां धर्मराज प्रत्येकाचा दोष सांगतो, आणि मागें न पाहतां चालूं लागतो. तोच धर्मराज स्वर्गाच्या दारीं मात्र सोबत आलेल्या कुत्र्यास टाकून आंत जाण्याचें नाकारतो. या दोन धर्मराजांपैकीं पहिल्याचें अनुकरण करणारे जगांत पुष्कळ. मागें पडलेल्याचा दोष चटकन् सांगतां येतो, आणि तो सांगितला म्हणजे आपण पुढें जात आहों याबद्दल मनास खंत उरत नाहीं. दुसरा धर्मराज कठीण. कारण तो सोबतीची किंमत फळ हातीं येण्याच्या क्षणीं ओळखतो.

कोणी म्हणेल, परतण्यास इतकी मुभा ठेविली तर प्रवास तडीस कसा जाणार? आम्हांस उलट भीति वाटते. ज्यास परत फिरण्याची लाज घातली आहे, तो आपला ताप लपवितो, पैसे संपल्याचें बोलत नाहीं, घरचें पत्र खिशांत दडवितो, आणि अखेर नको त्या ठिकाणीं कोसळतो. तेव्हां त्याच्याबरोबर सर्वांचाच प्रवास अडतो. ज्यास मोकळेपणानें बोलतां येतें, त्याची अडचण वेळींच कळते, आणि पुष्कळदां ती ऐकून घेतल्यानेंच तो पुढें चालूं लागतो.

आज आपल्या घरांतील मुलेंमुली अशा मोहिमांचे बेत करीत असतात, आणि वडील मंडळी हवापाण्याची व खर्चाची चौकशी करतात. ती अवश्य करावी. पण निघण्यापूर्वीं एक संध्याकाळ सर्वांनीं एकत्र बसून, घरीं आपल्यावर कोण अवलंबून आहे, कोणत्या प्रसंगीं आपण परत फिरूं, आणि कोणी परत फिरला तर त्यास काय म्हणूं, हें स्पष्ट बोलून घ्यावें. ज्यांना हें बोलणें अवघड वाटेल, त्यांनीं निघण्याचा दिवस थोडा पुढें ढकलावा.