ज्ञानासाठी जीवहत्या

गेल्या चैत्रात आमच्या येथील एका वकील स्नेह्यांच्या घरी सायंकाळी बसावयास गेलो असता एका घरगुती वादात आम्हांस पंच व्हावे लागले. घर जुन्या नाशकातले, गोदावरीच्या काठापासून हाकेच्या अंतरावरचे. स्नेह्यांच्या कन्येने प्राणिशास्त्राची पदवी घेतली आहे, आणि आता किनाऱ्यावर जाऊन जेलिफिशांचा अभ्यास करावयाचा तिचा निश्चय आहे. जेलिफिश म्हणजे समुद्रात तरंगणारी, काचेसारखी पारदर्शक अशी मऊ छत्री. नावात मासा असला तरी तो मासा नव्हे. त्यास हाड नाही, रक्त नाही, मेंदू नाही. सह्याद्रीच्या अलीकडे राहणाऱ्या आम्हां नाशिककरांपैकी पुष्कळांनी तो पाहिलेलाही नसेल. वडिलांचा प्रश्न सरळ होता : "ह्याचा उपयोग काय?" स्नेह्यांच्या मातोश्री जपमाळ बाजूस ठेवून बसल्या होत्या, त्यांचा प्रश्न त्याहूनही सरळ होता : "ते जीव मारावे लागतात ना गं?"

मुलीने वडिलांस उत्तर दिले ते ओसामु शिमोमुरा ह्या जपानी शास्त्रज्ञाची हकीकत सांगून. त्यांनी आयुष्यभर जेलिफिश गोळा केले. त्यांतून एक हिरवे प्रकाशणारे प्रथिन निघाले. आज जगातील वैद्यकाच्या प्रयोगशाळांत ते प्रथिन रोज वापरले जाते, आणि त्याबद्दल २००८ साली त्यांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. 'नोबेल' हा शब्द ऐकताच वकीलसाहेबांची मुद्रा निवळली. मातोश्रींची मात्र निवळली नाही. "बक्षीस मिळालं म्हणून मेलेले जीव परत आले का?" एवढेच त्या म्हणाल्या, आणि माळ हाती घेतली.

त्या रात्री घरी परतताना आम्हांस वाटले, की मुलीने वडिलांचे समाधान केले खरे, परंतु ते उत्तर खोटे नसले तरी अपुरे होते. आणि आजींच्या प्रश्नास तर कोणी हातच लावला नव्हता.

शिमोमुरांची हकीकत जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे. ९ ऑगस्ट १९४५ रोजी ते सोळा वर्षांचे होते आणि नागासाकीपासून दहा-पंधरा किलोमीटरांवर इसाहाया येथील एका कारखान्यात काम करीत होते. आकाशातून छत्र्या उतरताना त्यांनी पाहिल्या, आणि थोड्याच वेळात खिडकीतून आलेल्या झोताने त्यांचे डोळे काही क्षण दिपून गेले. घरी परतताना काळा पाऊस अंगावर पडला. आजीने तत्काळ न्हाऊ घातले. प्रकाशाने दिपलेला मुलगा पुढे जन्मभर सजीवांच्या थंड प्रकाशाचाच अभ्यास करतो, ह्यात काही गूढ अर्थ शोधण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतो. मात्र एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. त्या दिवशी नागासाकीवर जे पडले तेही ज्ञानच होते, आणि त्याचा उपयोग काय हे ते घडविणारांस चांगलेच ठाऊक होते.

१९६१ च्या उन्हाळ्यात प्रिन्स्टन विद्यापीठातील फ्रँक जॉन्सन ह्यांच्यासमवेत शिमोमुरा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रायडे हार्बर ह्या बंदरात गेले. तेथील जेलिफिशांच्या छत्रीची कड डिवचली असता प्रकाशते. ती का प्रकाशते, एवढाच प्रश्न होता. लहान जाळ्यांनी जेलिफिश पकडावे, कात्रीने कडेची पट्टी कापून घ्यावी, बाकीचे शरीर टाकून द्यावे आणि त्या पट्ट्यांतून प्रकाशाचे द्रव्य पिळून काढावे, असा क्रम चालला. द्रव्य काही हाती येईना. गुरूशिष्यांचा मतभेद होऊन एकाच टेबलाच्या दोन टोकांस दोघे निरनिराळे प्रयोग करू लागले. शिमोमुरा एकटेच वल्ह्याची होडी घेऊन पाण्यात जात आणि तीत पडून विचार करीत. एके दिवशी त्यांस सुचले, की आम्लता वाढवून प्रकाशाची क्रिया तात्पुरती थांबविता आली तर द्रव्य खर्ची न पडता वेगळे करता येईल. तसे करून पाहिले. क्रिया थांबली आणि पुन्हा सुरूही झाली. मग उरलेला अर्क त्यांनी मोरीत ओतला, तोच मोरीत निळा लखलखाट झाला! तेथे समुद्राचे पाणी वाहून येत होते, आणि त्या पाण्यातील कॅल्शियमने तो अर्क पेटविला होता. त्या उन्हाळ्यात सुमारे १०,००० जेलिफिश खर्ची पडले, आणि शुद्ध द्रव्य निघाले ते काही मिलिग्रॅम. त्याबरोबरच एक हिरवट चमकणारे प्रथिन आनुषंगिक म्हणून सापडले. १९६२ च्या निबंधात त्याची नोंद ओझरती आहे. पुढे वर्षानुवर्षे उन्हाळा आला की शिमोमुरा पत्नी व मुलांसह त्या बंदरात जाळी घेऊन हजर होत. १९८८ पर्यंत ह्या कुटुंबाने व सहकाऱ्यांनी मिळून साडेआठ लाख जेलिफिश पकडले.

साडेआठ लाख! आजींच्या प्रश्नास ह्या आकड्याने वजन येते.

नेहमीचे उत्तर असे, की आज त्या हिरव्या प्रथिनाच्या योगाने जिवंत पेशीत काय चालले आहे हे डोळ्यांनी दिसते. कर्करोगाची गाठ कशी पसरते, मज्जातंतू कसे वाढतात, हे पाहता येते. तेव्हा ती हत्या सार्थकी लागली. आमचा आक्षेप ह्या 'सार्थकी लागली' वर आहे. १९६१ साली कात्री चालत असता ह्यातले काहीच कोणास ठाऊक नव्हते, खुद्द शिमोमुरांसही नव्हते. फळ आले ते तीस वर्षांनी, आणि तेही दुसऱ्याच हातांनी. १९९२ साली डग्लस प्रॅशर ह्या शास्त्रज्ञाने त्या प्रथिनाचे जनुक वेगळे केले. तेवढ्यात त्याच्या कामासाठी मिळणारा पैसा संपला, आणि त्याने ते जनुक मागणाऱ्यांस देऊन टाकले. ते घेऊन मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सियेन ह्यांनी पुढील चमत्कार घडविले व शिमोमुरांबरोबर पारितोषिकही घेतले. त्या वर्षी प्रॅशर अमेरिकेत एका मोटारविक्रेत्याची गाडी हाकीत होता. आता विचार करावा : प्रॅशरने ती कुपी पाठविली नसती, तर साडेआठ लाख जीवांची हत्या पाप ठरली असती, आणि पाठविली म्हणून पुण्य ठरली काय? एका मनुष्याच्या कर्माचा न्याय दुसऱ्याच्या टपालावर लोंबकळत ठेवणे हा न्याय नव्हे, ती सोडत आहे. फलावरून कर्म जोखू नये असे आपण लहानपणापासून ऐकतो आणि इतरांस ऐकवितो. परंतु शास्त्रज्ञांच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो.

ज्या ज्ञानास अद्याप फळ आले नाही, अशाचे उदाहरण आपल्याकडेच आहे, आणि योगायोग असा की तेही जेलिफिशाचेच आहे. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८८४–१९६०) हे मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात असताना सह्याद्रीत हिंडून वनस्पती व प्राणी गोळा करीत. सातारा जिल्ह्यात वेण्णा व कोयना ह्या नद्यांच्या पाण्यात त्यांस नखाएवढे जेलिफिश दिसले. जेलिफिश हा बहुधा खाऱ्या पाण्यातला जीव. गोड्या पाण्यातले थोडे, आणि ह्या विशिष्ट कुळातले तर तोवर आफ्रिकेतच ठाऊक होते, मुख्यत्वे टांगानिका सरोवरात. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख अ‍ॅनंडेल ह्यांनी १९१२ च्या सुमारास त्यास 'लिम्नोक्नायडा इंडिका' असे नाव दिले. आफ्रिकेच्या सरोवरातल्या जीवाचा भाऊबंद साताऱ्याच्या नदीत कसा आला, हा प्रश्न त्या वेळी विलायतेतील पंडितांसही चकित करणारा होता. आघारकर पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि १९४६ साली पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे पहिले संचालक. त्या संस्थेस १९९२ पासून त्यांचेच नाव आहे. परंतु त्या जेलिफिशापासून औषध निघाले नाही की यंत्र निघाले नाही. कोयनेच्या खोऱ्याचा मोठा भाग पुढे धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेला. धरणाची वीज उपयोगाची आहे. तिच्याच उजेडात आम्ही हे लिहीत असू. पण धरणापूर्वी त्या वाहत्या नदीत काय राहत होते हे आज सांगता येते, ते एका तरुण मालवणी मनुष्याने उपयोगाचा विचार न करता पाण्यात वाकून पाहिले म्हणूनच. त्यानेही काही जीव बाटल्यांत भरून कलकत्त्यास धाडलेच असणार. हे कर्म शिमोमुरांच्या कर्माहून हलके म्हणावे काय? आम्हांस तसे म्हणवत नाही.

उलट बाजूही पाहू. कोकणच्या बाजारात कुपा म्हणून जो मासा मिळतो, त्याच्याच कुळातला ब्लूफिन ट्यूना हा प्रचंड मासा जपानी लोकांस फार प्रिय. तेथील किंकी विद्यापीठाने १९७० साली तो बंदिस्त पाण्यात वाढविण्याचा प्रयत्न आरंभिला, आणि बत्तीस वर्षांनी, २००२ साली, बंदिस्त जन्मलेल्या माशांच्याच अंड्यांतून पुढची पिढी निपजली. ह्या खटाटोपात किती पिले मेली असतील ह्याची विचारपूस आमच्यासारख्यांपैकी कोणी करीत नाही, कारण उपयोग पहिल्या दिवसापासून ताटात दिसत होता. म्हणजे 'उपयोग काय?' हा प्रश्न पुष्कळदा खरा प्रश्न नसून जीवहत्येचा हिशेब न विचारण्याची ती एक सभ्य रीत असते. २०१२ साली भूमध्य समुद्रातील एका अभ्यासात असे आढळले, की तेथील कोवळे ट्यूना जेलिफिश मोठ्या प्रमाणावर खातात. पोटात ते लगेच विरघळतात, म्हणून पोटे चिरून पाहणारांस ते दिसतच नसत. माशांच्या मांसातील अणूंच्या प्रमाणावरून हे उमगले. तेव्हा जेलिफिशावाचून ट्यूना नाही आणि ट्यूनावाचून जपानी भोजन नाही, असे सिद्ध करून आम्ही वकीलसाहेबांस खूष करू शकू. पण ही पुन्हा उपयोगाचीच वकिली झाली. ती आम्हांस येथे नको.

मग आजींस काय सांगावे? विचार करता करता आम्हांस उत्तर त्यांच्याच घरी सापडले. गृहस्थाच्या घरी पाच ठिकाणी नकळत हिंसा होते, असे आपले जुने स्मृतिकार सांगतात : चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. ह्यांस पंचसूना म्हणतात. ध्यानात घेण्यासारखे हे, की शास्त्रकार ह्यावर 'चूल बंद करा' असे सांगत नाहीत, आणि 'स्वयंपाक रुचकर झाला तर दोष नाही' असेही सांगत नाहीत. दोष लागतो, तो मान्य करा आणि रोजच्या रोज फेडा, असे ते सांगतात. फेडण्याचे जे पाच यज्ञ, त्यांतला पहिला ब्रह्मयज्ञ, म्हणजे अध्ययन व अध्यापन. हिंसेचे ऋण विद्येने फेडावयाचे! आणि तीच विद्या जर हिंसेवाचून मिळत नसेल, तर प्रयोगशाळा ही सहावी सूना म्हणावयास काय हरकत आहे? फरक एवढाच, की चुलीपाशी मुंगी नकळत मरते, आणि येथे कात्री जाणूनबुजून चालते. म्हणून येथील ऋण अधिक जड.

ह्या मापाने पाहिले असता शिमोमुरांचे कर्म १९६१ सालीही जोखता येते. २००८ ची वाट पाहावी लागत नाही. दुसरा मार्ग होता काय? त्या काळी नव्हता. जे घेतले ते वाया घालविले काय? जाळेही धरले आणि कात्रीही, आणि तेही स्वतःच्या हातांनी. सगळे दुसऱ्यावर सोपविले नाही. जे कळले ते लपविले काय? नाही, निरुपयोगी वाटलेले हिरवे प्रथिनही लिहून ठेविले. आज ती दोन्ही प्रथिने जनुकाच्या साहाय्याने जंतूंकडून करवून घेतात. त्यासाठी एकही जेलिफिश मारावा लागत नाही. ही फेड मोठी खरी, पण ती झाली नसती तरी आमचा कौल बदलला नसता. उलट एखाद्या विद्यार्थ्याने पदवीपुरते बेडूक चिरून निष्कर्ष दुसऱ्याच्या वहीतून उतरून घेतले, तर त्या दहा बेडकांचा दोष आम्ही शिमोमुरांच्या साडेआठ लाखांहून अधिक समजू. आमच्या तरुणपणी असे पुष्कळ झालेले आम्ही पाहिले आहे, आणि खरे सांगावयाचे तर एकदोन वह्या आमच्याही होत्या.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. साडेआठ लाख हा आकडा आपणांस ठाऊक आहे, ह्याचा अर्थ कोणीतरी मोजले. बाजारात मासळी टनांनी मोजतात. तेथे एकेका जीवाची मोजणी होत नाही. शिमोमुरा जेलिफिशांस नगाने मोजीत. मोजणे म्हणजे काही प्रायश्चित्त नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि ज्याने मोजले नाही त्यास ऋण किती हेही सांगता येणार नाही, मग तो फेडणार काय?

दुसऱ्या दिवशी आम्ही हे सर्व स्नेह्यांच्या घरी जाऊन सांगितले. वकीलसाहेबांस युक्तिवाद पसंत पडला, पण उपयोगाचा मुद्दा आम्ही सोडून दिल्याबद्दल त्यांनी नाराजी दाखविली. अशिलाचा भक्कम पुरावा वकिलानेच फेकून द्यावा तसे हे झाले, असे ते म्हणाले. मातोश्री सहाव्या सूनेच्या कल्पनेवर थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग नातीस जवळ बोलावून म्हणाल्या, "जा. पण जितके मारशील तितके मला कळव."

मुलगी ज्येष्ठात गेली. पावसाळ्याच्या तोंडी तिचे पहिले पत्र आले. वडिलांसाठी राहण्या-जेवण्याच्या खर्चाचा तपशील, आईसाठी प्रकृतीचे वर्तमान. खाली आजीच्या नावाने एकच ओळ होती : "आजी, एकवीस. त्यांतले चार माझ्या चुकीने वाया गेले." आजींनी ती ओळ आमच्याकडून दोनदा वाचवून घेतली, आणि चार आकड्याबद्दल नातीस रागे भरावे असे पत्र लिहावयास आम्हांसच बसविले.