स्वतःच्या बाजूने साक्ष

अलिबागचं एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घर. दारफाळणीचा सण, म्हणजे योम किप्पुर, प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस, चार दिवसांवर आलेला. भाची आईच्या घराच्या वाटणीवरून थोरल्या बहिणीला नको ते बोलली आहे. अजून तिच्याकडे गेलेली नाही.

भाची : मी वाईट वागले, वाईटच आहे, हे कबूल करते. आता तुम्ही म्हणता तसं स्वतःत चांगलं शोधायचं म्हणजे पळवाटच की, मामा!

मामा : ‘पिर्के आवोत’ या नीतिवचनांच्या ग्रंथात रब्बी शिमोन स्वतःला दुष्ट समजायला मनाई करतात.

भाची : आणि ताल्मुदात नेमकं उलटं! जन्माआधी जिवाला शपथ घालतात, की सगळं जग सज्जन म्हणालं तरी स्वतःला दुष्टच मान.

मामा : हो. ‘तान्या’ हा ग्रंथ याच विरोधापासून सुरू होतो. स्वतःला दुष्ट मानलं तर मन खचतं, ईश्वराची सेवा आनंदाने होत नाही. आणि दुष्ट मानूनही काहीच वाटलं नाही तर माणूस थिल्लर होतो. मला मात्र मध्ययुगातले धर्मपंडित रामबाम जास्त पटतात. रब्बी शिमोनच्या त्या वचनावर ते लिहितात, जो स्वतःला हीन समजतो त्याला हीन कामाचं काही वाटेनासं होतं. तुझंच बघ. ‘मी वाईटच’ म्हणालीस आणि ताईकडे जायचं टळलं.

भाची : ...टळलं खरं. पण चांगलं म्हणून दाखवू काय? आईची सेवा केली, तीही घरावर डोळा ठेवून केली नसेल कशावरून?

मामा : ब्रेस्लोवचे रब्बी नहमान (१७७२–१८१०) ही शंका ओळखून होते. स्वतःत एखादा चांगला बिंदू सापडला की मन लगेच त्यात खोट काढतं. काढू दे, ते म्हणतात. इतक्या भेसळीतही थोडं निखळ उरल्याशिवाय राहत नाही. ते धरायचं, मग दुसरं शोधायचं. हा माणूस स्वतः निराशेशी झगडलेला होता, म्हणून त्याचा शब्द मी मानतो. माझ्या बहिणीसाठी तू रात्री जागवल्यास, ते मी पाहिलंय.

भाची : म्हणजे आरोपी मी, वकील मी, निवाडाही माझाच?

मामा : निवाडा तुझा नाही. आपल्या धर्मशास्त्रात माणसाने स्वतःला दुष्ट ठरवणारी साक्ष न्यायालय धरत नाही. तो स्वतःचाच नातलग, आणि नातलगाची साक्ष चालत नाही. रामबाम सांगतात, वर्षभर स्वतःकडे निम्मा पुण्यवान, निम्मा अपराधी म्हणून बघ. पुढच्या एका कृतीने पारडं झुकणार आहे असं समज.

भाची : आणि ताईला दुखावलं ते नुसत्या उपासाने फिटत नाही.

मामा : नाही, मिश्ना ही आपली जुनी धर्मसंहिता त्यात सूट देत नाही. आधी तिची समजूत काढायची.

भाची : तिने ऐकूनच घेतलं नाही तर?

मामा : तर तिघांना सोबत घेऊन पुन्हा जायचं. तरी नाही ऐकलं तर आणखी दोनदा. त्या तिघांत मला धर.