कुदळ कुणाला द्यायची?

आपण लिहिलेला प्रोग्राम मुक्त परवान्याखाली सोडायचा, म्हणजे नेमकं काय सोडायचं? पैसा, असं उत्तर पटकन येतं. पण मुक्त सॉफ्टवेअरवर पोट भरता येतं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट बघा. खरेदी-विक्री, गोदामातला माल, पगार, हिशेब सांभाळणारा हा प्रोग्राम रुषभ मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना दिलाय. सोर्स कोड कुणीही घ्यावा, बदलावा, पुढं द्यावा. कंपनी चालते ती सर्व्हरवर जागा देऊन आणि वापरणाऱ्यांना मदत करून. तेव्हा पैसा काही पूर्ण सुटत नाही. सुटते ती नाही म्हणायची मुभा.

माझी पुतणी इथं इंदुरातच प्रोग्रामर आहे. सियागंजातल्या किराणा व्यापाऱ्यांसाठी तिनं उधारीचा आणि साठ्याचा छोटासा प्रोग्राम लिहिलाय, आणि तो जीपीएलखाली सोडायचा तिचा विचार आहे. घरात सगळ्यांना कौतुक. ज्ञानदान म्हणाले. सासूबाईंनी मात्र एवढंच विचारलं, "कत्तलखान्यानं घेतला तर?"

"घेऊ शकतो, आजी. मला अडवता येणार नाही."

प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1985 साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं. तिथं चार स्वातंत्र्यं मोजतात, तीही शून्यापासून, आणि पहिलंच हे की प्रोग्राम कुठल्याही कामासाठी चालवता यावा. डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेएसॉनच्या परवान्यात, हे भल्यासाठी वापरा, वाइटासाठी नको, अशा अर्थाची एक ओळ घातली. तेवढ्यावरून फाउंडेशननं तो परवाना मुक्त मानला नाही.

आपल्याकडं नेमकं उलट. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत हिंसादान येतं, म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. त्या यादीत तलवार आहे, कुऱ्हाड आहे, आणि कुदळसुद्धा आहे. म्हणून ‘हिशेबाच्या वहीनं थोडाच जीव जातो’ म्हणून सुटता येत नाही. कुदळीनंही विहीरच खणतात की. शिवाय तत्त्वार्थसूत्र सांगतं की दानाचं मोल विधी, द्रव्य, दाता आणि पात्र यांवर ठरतं. मुक्त परवाना पात्राचं नावच काढत नाही.

पण पात्र ठरवण्याचा अधिकार हाती आला की काय होतं, तेही आपल्या समाजानं पाहिलंय. धवला-जयधवलेची ताडपत्रं मुडबिद्रीला शतकानुशतकं राहिली. लोक दर्शन घ्यायचे, वाचायला मिळायची नाहीत. बाहेर प्रत आली ती गजपती उपाध्याय आणि त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांनी गुपचूप लिहून काढली म्हणून. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादलेला धवलेचा पहिला भाग 1939 साली अमरावतीहून छापून निघाला, तर वाद काय झाला? गृहस्थानं सिद्धांतग्रंथ वाचावेत का! तो वाद दुसऱ्या बाजूनं लागला असता तर माझ्यासारख्या घरसंसारातल्या बाईच्या हाती ते पुस्तक कधीच आलं नसतं. (लक्ष्मीबाईंचं नाव आपल्या पाठशाळांत कुणी शिकवत नाही, हे जाता जाता.)

प्रोग्रामचंही तसंच होईल. आज कत्तलखाना नको. उद्या कुणी म्हणेल, दारूचं दुकान नको, परवा कांदा-लसूण घालणारं हॉटेल नको. इंदुरात ही यादी थांबायची कुठं? आणि एखादा त्याच रकान्यात अमक्या जातीचा, तमक्या धर्माचा दुकानदार नको असं लिहील. तो रकाना आपणच उघडून दिलेला असेल. मला ती भीती कत्तलखान्यापेक्षा मोठी वाटते.

जीपीएलची स्वतःची अट आहेच. बदल करून पुढं दिलंत तर सोर्स कोडही याच परवान्याखाली द्या. मात्र ती अट दात्यासाठी काही मागत नाही. ज्याला आपण ओळखतही नाही, अशा पुढच्या माणसासाठी ती आहे. मला वाटतं, एवढी अट दानाला शोभते.

पुतणीनं आपल्यापुरती रेघ आखलीय. कत्तलखान्याला प्रोग्राम बसवून देणार नाही, त्यांच्यासाठी एक ओळ बदलणार नाही, त्यांचा पैसा घेणार नाही. मला हे पुरेसं वाटतं. सासूबाईंना नाही. "कुदळ दिलीस आणि खणायची मजुरी तेवढी नाकारलीस," त्या म्हणाल्या. यावर माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. तरी द्यावा, असंच मी पुतणीला सांगितलंय.

ती अजून थांबली आहे, कारण जीपीएलखाली एकदा दिलेली प्रत परत मागता येत नाही. पुढची आवृत्ती ती हव्या त्या परवान्याखाली काढू शकते, पण गेलेली ती गेली. सियागंजातले दोघे व्यापारी मात्र रोज फोन करून विचारतात, दिवाळीच्या वहीपूजनाआधी मिळेल ना?