वाती कुणासाठी वळायच्या

स्मृतिभ्रंश म्हणजे स्मरण, भाषा, स्थळकाळाचे भान आणि निर्णयशक्ती हळूहळू क्षीण करत नेणाऱ्या मेंदूविकारांचा समूह. तो जडलेली माणसे शुश्रूषागृहात राहायला येतात तेव्हा त्यांच्या औषधपाण्याची, आंघोळीची, जेवणाची सोय होते. मात्र सकाळच्या चहापासून रात्रीच्या झोपेपर्यंतचा वेळ बहुधा टीव्हीच्या हवाली केला जातो. येरझारा घालणे, ओरडणे, घरी जायचा धोशा लावणे या गोष्टींची नोंद आजाराची लक्षणे म्हणून होते, पण त्यांतील काही तरी या रिकामपणातून उपजलेल्या असतात. अशा वेळी गुंगी आणणाऱ्या औषधांचा आधार घेणे सोपे वाटते. परंतु मनोविकारांवरील नव्या पिढीच्या औषधांमुळे स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच दिलेला आहे.

स्मृती एकसंध नसते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. 1953 मध्ये अपस्मारावरील शस्त्रक्रियेत हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग बऱ्याच अंशी काढला गेला आणि नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्यांची क्षमता नाहीशी झाली. तरीही ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली, तेव्हा आदल्या दिवशीचा सराव मुळीच आठवत नसतानाही त्यांचा हात दिवसागणिक सफाईदार होत गेला. हाताच्या या सवयीला कृतिस्मृती म्हणता येईल. अल्झायमरच्या आजारात हिप्पोकॅम्पसला लवकर झळ पोहोचते, पण कृतिस्मृती तुलनेने उशिरापर्यंत तग धरते, आणि अर्थपूर्ण उपक्रमांची सारी उभारणी या शिल्लक ठेवीवर होते.

कॅमेरॉन कॅम्प या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने माँटेसरी पद्धत या वृद्धांसाठी वापरली, ती याच जाणिवेतून: काम लहान टप्प्यांत मांडावे, सांगण्यापेक्षा करून दाखवावे, आणि वस्तूच अशी असावी की पुढची कृती तिनेच सुचवावी. महाराष्ट्राला हे परके वाटण्याचे कारण नाही, कारण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी माँटेसरींचा विचार बालवाडीच्या रूपाने गावपाड्यांतल्या हाताशी असलेल्या साधनांवर उतरवून दाखवला होता. मात्र बालशिक्षणातून पद्धत घ्यायची म्हणून वृद्धांना बालक समजायचे नसते. ज्या बाईने चाळीस वर्षे संसार रेटला तिच्यापुढे रंगवायला ससा ठेवणे हा, हेतू कितीही चांगला असला तरी, तिचा अवमानच आहे.

फुलवातीचे उदाहरण घ्यावे. कापसातली सरकी काढायची, पुंजका विंचरून हलका करायचा, तळहातावर त्याचा गोल पसरायचा, कडा वर गोळा करायच्या आणि दुधाचे बोट लावून शेंडा पिळायचा, हा क्रम जिच्या हातांत मुरला आहे तिला नातवाचे नाव आठवत नसले तरी बोटे पुष्कळदा अडत नाहीत. पण या वाती संध्याकाळी कुणी लावल्याच नाहीत, किंवा उद्याच्या उपक्रमासाठी त्याच पुन्हा उसकटून ठेवल्या, तर ते काम उरत नाही, नुसते हात गुंतवणे होते. ब्रिटिश अभ्यासक टॉम किटवुड यांनी 1997 च्या आपल्या ग्रंथात स्मृतिभ्रंशातही टिकणाऱ्या ज्या मानसिक गरजा सांगितल्या, त्यांत व्यवसायमग्नता, म्हणजे आपल्या शक्तीचा काही उपयोग होत आहे हा अनुभव, ही एक आहे. त्यामुळे वात वाकडी वळली तरी ती निरांजनात लागली पाहिजे. निवडलेल्या मेथीची भाजी दुपारच्या पानात आली पाहिजे. जो आयुष्यभर गिरणीत खपला त्याला वाती देऊन भागणार नाही, आणि ज्याला नुसते खिडकीशी बसायचे आहे त्याला बसू देणे हेही याच विचारात बसते.

अडचण खरी आहे, ती मनुष्यबळाची. निवडायला तासभर लागणारी मेथी मावशी दहा मिनिटांत निवडून मोकळ्या होतात, आणि ज्यांच्यावर एकाच वेळी अनेकांचे अंग पुसण्याची, भरवण्याची जबाबदारी आहे त्यांना त्याबद्दल दोष देणे अन्यायाचे ठरेल. तो तासभर त्यांच्या कामाच्या वेळेत आणि पगारात धरणे ही संचालकांची जबाबदारी आहे. प्रवेशअर्जात रक्तगट, मधुमेह, रक्तदाब यांचे रकाने असतात. त्यांच्याच खाली या व्यक्तीचे हात आजवर काय करत आले, हा रकाना हवा, आणि तो घरच्यांना शेजारी बसवून, घाई न करता भरून घ्यायला हवा.