काटकसर, कार्पण्य आणि नौकेची केबल
काटकसर हा सद्गुण आणि कार्पण्य, म्हणजे आवश्यक तेथेही हात आखडणे, हा दोष, असे नीतिविचार मानतो. पण बचत एकाची आणि धोका दुसऱ्याचा असेल, तर तिला काटकसर म्हणता येईल काय? कोकणातील मच्छीमार नौकेचा मालक बॅटरीची केबल बदलताना कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याऐवजी वरून तांबे व आत अ‍ॅल्युमिनियम असलेली स्वस्त तार घेतो, तेव्हा भर समुद्रात इंजिन सुरू न होण्याची झळ खलाशांना बसते. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच असते. शिवाय खाऱ्या हवेत थिंबलपाशी, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडणीपाशी, आवरणाच्या आत, मुलामा नसलेले साधे तांबेही काळेहिरवे पडते, जे वरून दिसत नाही. मोजून नेमकी लांबी घेणे ही काटकसर होय. तारेचा दर्जा किंवा जाडी कमी करणे हे कार्पण्यच.